अडून बसलेल्या टिकल्या

गेवराईचे एक कटलरीवाले व्यापारी एकदा आमच्या कारखान्याच्या दारात रिकामा टेम्पो घेऊन उभे राहिले. कपाळाला अष्टगंध, हातात नमुन्यांचा पुठ्ठा. वॉचमननं त्यांना माझ्याकडं आणून सोडलं.

"म्याडम, होलसेलमधी टिकल्या पायजेत. लग्नसराई तोंडावर हाय. लाल, मरून आन् खड्याच्या."

मी आमची एक टिकली त्यांच्यापुढं ठेवली. रुपयाएवढी, पिवळसर पांढरी, दोन्ही अंगांना चांदीचा मुलामा. त्यांनी ती उलटीपालटी केली, नखानं खरवडली आणि शेवटी कपाळाला लावून पाहिली. चिकटली नाही.

"गोंद लावायचा राह्यला का?"

मी टिकलीला दोन वायरी जोडल्या, त्यांना एक बारका दिवा लावला आणि पान्याच्या दांड्यानं टिकलीवर ठोका दिला. दिवा लखकन चमकून विझला. व्यापारी दोन पावलं मागं सरकले.

"ठोकल्यावर उजेड पडतो?"

"हो. आणि वीज दिली की ही थरथरते. त्यातून आवाज काढता येतो."

त्यांनी टिकली लांबूनच न्याहाळली. मग म्हणाले, "आमचा धाकला भाऊ बी असाच हाय. ठोकल्याबिगर उजेड पडत न्हाई." आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेले.

त्यांची काही चूक नव्हती. केजहून धारूरकडं जाताना डाव्या हाताला दिसणाऱ्या त्या निळ्या पत्र्याच्या शेडचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. ते फक्त बँकेला आणि वीजबिलाला माहीत होतं. बाकी सगळा तालुका त्याला 'टिकलीचा कारखाना' म्हणायचा. मी तिथं उत्पादनाचं काम पाहायची. नुकतीच निवृत्त झाले, तेव्हा सत्काराच्या पाटीवरसुद्धा 'टिकली कारखान्याच्या म्याडम' असंच लिहिलेलं होतं.

आता धंदा काय ते सांगते. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या भुकट्या मापून घ्यायच्या, पाण्यात कालवून फिरत्या पिंपात घोटायच्या, भाजायच्या, पुन्हा घोटायच्या, दाबून टिकल्या पाडायच्या, भट्टीत पक्क्या करायच्या आणि दोन्ही अंगांना चांदी फासून ती पुन्हा भट्टीत भाजायची. कुंभाराचंच काम. फक्त कुंभार तोंडाला मास्क लावत नाही आणि त्याची मडकी तपासायला पुण्याहून माणूस येत नाही.

भट्टीतून निघालेली टिकली मुकी असते. तिच्या पोटात डोळ्याला न दिसणाऱ्या आळ्या असतात, गावातल्या गल्ल्यांसारख्या. शास्त्रात त्यांना डोमेन म्हणतात. एका आळीतले सगळे विद्युतभार एका दिशेला तोंड करून बसलेले, शेजारच्या आळीतले भलत्याच दिशेला. सगळ्यांची बेरीज शून्य, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी. मग टिकली गरम तेलात बुडवून तिला जबर व्होल्टेज द्यायचा. आळ्यांमधल्या भिंती सरकतात, आळ्या वळतात आणि विजेकडं तोंड करतात. वीज बंद केली, तेल निवलं, तरी बऱ्याचशा तशाच राहतात. आता टिकली बोलती झाली. या वळवण्याला आमच्या धंद्यात पोलिंग म्हणतात.

हा शब्द आम्हाला फार महागात पडला. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या दारावर 'पोलिंग विभाग: परवानगीशिवाय आत येऊ नये' ही पाटी वाचून एक भरारी पथक आत घुसलं होतं. मी त्यांना तेलाची टाकी दाखवली. पथकप्रमुखांनी टाकीत वाकून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "हितं मतदान कोण करतं?" मंगल म्हणाली, "टिकल्या."

मंगल आमच्या टाकीवर होती. धारूरच्या घाटातल्या एका वाडीची, तिशी ओलांडलेली, कमी बोलणारी आणि बोलली की दुसऱ्याला बोलायला जागा न ठेवणारी. मी बायकांना पहिल्यांदा आळ्यांची गोष्ट समजावून सांगितली तेव्हा तिनं विचारलं होतं, "म्हंजी व्होल्टेज दिला की समदे एकीकडं तोंड करत्यात?"

"हो."

"आन् व्होल्टेज काढून घेतला तरी फिरत न्हाईत?"

"बहुतेक नाहीत."

"मग आबासायबापरीस टिकल्या बऱ्या," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पाळी सुटेपर्यंत बायका हसत होत्या.

आबासाहेब म्हणजे आमचे मालक. जमीन भरपूर, राजकारण त्याहून भरपूर, आणि पक्ष किती झाले ते त्यांनाच आठवत नसे. मागास भागात उद्योग काढला की सवलत मिळते असं त्यांना कोणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी उद्योग काढला. त्यात काय तयार होतं ही बाब त्यांनी माझ्यावर सोपवली होती. भाषणात मात्र ते म्हणत, "आपल्या तालुक्यातलं क्रिस्टल आज पुण्याला चाललंय!" आणि समोरच्या बायकांना वाटायचं, सरबताचे ग्लास.

मी फिजिक्सची एम.एस्सी. त्याआधी बरीच वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनमध्ये जागा भरणार असं ऐकायची. जागा रिकामी होती, पण ती रिकामी असण्यातच पुष्कळ लोकांचं भलं होतं. शेवटी मी कंटाळून टिकल्यांकडं आले.

कारखान्यातले दुसरे बडे गृहस्थ म्हणजे आबासाहेबांचे मेहुणे. घरातल्या पोरांचे मामा, म्हणून सगळ्या कारखान्याचे मामा. भांडार आणि घोटाईची शेड त्यांच्याकडं होती. त्या शेडला ते कुलूप लावत. कशाला, असं विचारलं तर म्हणत, "फार्म्युला हाय." फॉर्म्युला माझ्या टेबलावर उघडा पडलेला असायचा, पण कुलपाचा मान वेगळा.

तर ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी पावसाळा सरता सरता पुण्याच्या एका कंपनीची मोठी ऑर्डर आली. जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपात कुठं गळती आहे ते पाइपाला कान लावून ऐकणारं यंत्र ती कंपनी बनवत होती. त्या यंत्राचा कान म्हणजे आमची टिकली. बारीक थेंबाची सळसळ ऐकायची तर टिकली हळवी लागते. तिच्यातल्या भिंती जरा धक्का लागला की हलल्या पाहिजेत.

ही ऑर्डर कारखान्यापेक्षा बायकांना जास्त हवी होती. आमच्याकडच्या निम्म्याशिम्म्या बायका ऊसतोडीच्या घरच्या. दसरा झाला की टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्यातच परत येतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बायको नसेल तर एकट्या नवऱ्याला मुकादम विचारत नाही. मंगलनं नवऱ्याला कसंबसं राजी केलं होतं की या साली आपण जायचं नाही. तो गावातच गवंड्याच्या हाताखाली काम करील, ही टिकल्या वळवील. कारण मोठी मुलगी, अश्विनी, दहावीला होती. फडावर गेलं तर धाकट्याला सांभाळायला तिलाच न्यावं लागणार, आणि मग दहावी उसातच राहणार.

ऑर्डरीचं काम जोरात सुरू झालं, आणि एका सकाळी मंगल माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"म्याडम, टिकल्या वळंनात."

मी मापून पाहिलं. नेहमीच्या निम्मासुद्धा गुण येत नव्हता. व्होल्टेज वाढवला, तर दोन टिकल्या तडकल्या आणि बाकीच्यांनी दाद दिली नाही. गंमत अशी, की चांदी भाजून भट्टीतून निघाल्या-निघाल्या तेलात सोडलेल्या टिकल्या शहाण्यासारख्या वळत. त्याच घाण्यातल्या, पण आठवडाभर ट्रेमध्ये पडून राहिलेल्या अडून बसत. शिवाय वळलेल्या टिकल्यासुद्धा पुढं दिवसागणिक निबर होत चालल्या होत्या. पीठ तेच, भट्टी तीच, बायका त्याच.

अशा वेळी शोध घ्यायचा असतो. आमच्याकडं समिती नेमतात. चौकशी समितीचे अध्यक्ष मामा झाले. मी 'निमंत्रित सदस्य'. समितीनं भजी खाऊन निष्कर्ष काढला की दोष हवामानात आणि महिला कामगारांच्या मानसिकतेत आहे. मानसिकतेवर उपाय म्हणून मोबाइल जमा करायला लावले. हवामानावर उपाय म्हणून वास्तुतज्ज्ञ बोलावले.

वास्तुतज्ज्ञ होकायंत्र घेऊन आले. त्यांनी तेलाची टाकी आग्नेयेला सरकवायला सांगितली, कारण तेल तापतं म्हणजे अग्नी आला. टाकी सरकवली. मग त्यांनी व्होल्टेजच्या पेटीवर लिंबू-मिरची टांगायला सांगितली. मी म्हटलं, तिथं नको, ओल्या वस्तूला वीज धरते. मामा म्हणाले, "म्याडम, तुमी लई शिकलेल्या हायत, पर श्रद्धा बी असती." मंगलनं बटण दाबलं आणि चर्र आवाज होऊन लिंबू जागच्या जागी भाजलं. फ्यूज उडाला. सगळ्या शेडभर लोणच्यासारखा वास सुटला. वास्तुतज्ज्ञ म्हणाले, "बघितलं? दृष्ट केवढी मोठी होती!" आणि दक्षिणा घेऊन गेले.

मी एका खोलीत टिकलीचं चित्र काढत बसले. टिकलीवरचा व्होल्टेज पुढंमागं करायचा आणि ती किती वळते त्याची रेघ पडद्यावर बघायची. चांगल्या हळव्या टिकलीची रेघ भरदार पानासारखी उमटते. आमच्या अडलेल्या टिकलीचं पान मध्ये आवळलेलं होतं, थेट डमरू. डमरू दिसला की समजायचं, भिंतींना कोणीतरी धरून ठेवलंय. मग मी टिकलीचा रंग नीट पाहिला. चहात बुडवून काढल्यासारखी झाक होती. असा रंग लोखंड देतं.

लोखंड नेमकं काय करतं ते सोपं करून सांगते. टिकलीतल्या टायटॅनियमच्या जागेवर लोखंडाचा कण जाऊन बसतो. पण त्याच्यापाशी त्या जागेपुरता भार नसतो. मग हिशेब जुळवायला शेजारची ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. (रिकाम्या जागेवर हिशेब जुळवणं मला कॉलेजापासून ठाऊक होतं.) लोखंड आणि ती रिकामी जागा यांची जोडी जमते. भट्टीतून निघाल्यावर या जोड्या वेड्यावाकड्या असतात, म्हणून ताजी टिकली वळते. पण दिवस गेले की त्या हळूहळू ज्या आळीत आहेत त्या आळीच्या कलानं बसतात, आणि एकदा बसल्या की आळीची भिंत सरकू देत नाहीत. दोष एवढासाच असतो. पण मुक्काम पडला की तोच गाव चालवतो.

आता प्रश्न होता, लोखंड आलं कुठून? मी मामांना सरळ विचारलं, "मामा, घोटाईच्या पिंपात काही बदल केलाय का?"

मला वाटलं होतं, ते उडवून लावतील. पण मामांचा चेहरा उजळला. "म्याडम, तुमी कदी इचारलंच न्हाई! चला, दावतो."

त्यांनी कुलूप काढलं. पिंपात पीठ घोटायला कडक पांढऱ्या गोळ्या असतात, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या पण तिच्याहून कितीतरी पक्क्या. त्या बाहेरून मागवाव्या लागतात. मामांनी पिंपाचं झाकण उघडलं. आत काळसर चकाकणारे पोलादी छर्रे होते.

"पांढऱ्या गोळ्या झिजल्या व्हत्या," मामा अभिमानानं म्हणाले. "मी म्हटलं, कावून बाहेरून मागवायच्या? ट्रॅक्टरच्या ग्यारेजातून बेअरिंगचे छर्रे आणले. वजनदार. पीठ बगा कसं मैद्यावानी पडतंय!"

मी एक लोहचुंबक ओल्या पिठात फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला काळी मिशी फुटली होती. मामा ती मिशी कौतुकानं पाहत राहिले. "आयला! लोखंड झिजतं व्हय?" मला त्यांचा राग आला नाही. ते चोर नव्हते. त्यांना फक्त कुणी कधी काही विचारलेलं नव्हतं आणि कुणी कधी काही सांगितलेलं नव्हतं, आणि मालकाच्या मेहुण्याच्या बाबतीत तसंच चालत आलेलं होतं.

मी आबासाहेबांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा चहा मागवला आणि म्हणाले, "छर्रे आजच काढतो. नव्या गोळ्या मागवा. पर एक हाय म्याडम, अहवालात लोखंड हा शब्द न्हाई पायजे."

"मग काय लिहू?"

"हवामान. समितीनं आदीच काढलंय ना?"

"पण आबासाहेब, कारण तर..."

"म्याडम, कारण माज्या घरात जेवतंय. दोन्ही टायमाला."

छर्रे निघाले. पण घोटाईची शेड मामांकडून काढून घेतली असा बोभाटा व्हायला नको, म्हणून त्यांना बढती मिळाली: संचालक, संशोधन. कुलूप ते बरोबर घेऊन गेले.

अडचण वेगळीच होती. मोसमाचं सगळं पीठ छर्ऱ्यांनी घोटून झालं होतं. नव्या गोळ्या यायच्या, नवं पीठ व्हायचं, तोवर दसरा उलटून जाणार. आणि पुण्याचे अधिकारी माल तपासायला दसऱ्याआधी येणार होते. त्यांच्या पसंतीवर ऑर्डर होती.

मामांनी संचालक झाल्याबरोबर पहिलं संशोधन केलं. "ताज्या टिकल्या वळत्यात ना? मग सायेब यायच्या दिवशी सकाळी भट्टीतून काढा, लगीच तेलात टाका, गरमागरम दावा. भज्यावानी."

सांगायला वाईट वाटतं, पण शास्त्र म्हणून ते बरोबर होतं. टिकली पुन्हा तापवली की आतल्या जोड्या विस्कटतात. त्या दिवशी माप उत्तम येणार. महिन्याभरानं जोड्या पुन्हा ठाण मांडणार आणि यंत्राचा कान बसणार. पण तोवर माल गेलेला असणार.

"म्याडम, सही करून टाका," आबासाहेब म्हणाले. "पुढचं पुढं."

त्या संध्याकाळी मंगल रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. जीपची वाट बघत आम्ही उभ्या होतो.

"म्याडम, मामा म्हणत्यात तसं करा."

"मंगल, त्या टिकल्या महिन्यात निबर होतील. तुला सांगितलंय मी."

"हूं द्या. त्या पुण्यात निबर हुतील. हितं अश्विनी दहावी हुईल."

"आणि त्यांनी परत पाठवल्या तर?"

"तवर मार्च येतोय." तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुमचं खरं तुमच्या पोराबाळांला भाकर घालून उरलेलं हाय म्याडम. आमच्याकडं उरत न्हाई."

जीप आली. मी बसले.

मी ठरवलं की गप्प राहायचं. इथं मला काही हरिश्चंद्राच्या रांगेत बसायचं नाही. सकाळी आम्ही टिकल्या तापवल्या, तेलात सोडल्या, वळवल्या. मंगलचा हात त्या दिवशी इतका नेटका चालत होता की एकही टिकली तडकली नाही.

पुण्याचे अधिकारी लिमये म्हणून होते. शिडशिडीत, स्वतःचं मापाचं यंत्र स्वतःच्या पिशवीत घेऊन आलेले. आबासाहेबांनी त्यांच्यासाठी मळ्यात बोकड कापलं होतं. लिमये म्हणाले, "मी शाकाहारी आहे, आणि डबा आणलाय." आबासाहेबांच्या राजकारणात डबा आणणाऱ्या माणसावर इलाज नव्हता. ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

लिमयांनी टिकल्या मापल्या. एकेक करून. माप उत्तम आलं. मामा मागं उभे राहून हात चोळत होते. मंगल टाकीपाशी, पाठमोरी. लिमयांनी एक टिकली उजेडात धरली.

"रंग जरा वेगळा आहे."

"सोन्यावानी," मामा म्हणाले.

लिमये माझ्याकडं वळले. "बाई, ही आजची मापं. हीच टिकली मी महिन्यानं मापली तर?"

प्रश्न साधा होता. मी तोंड उघडलं तेव्हा मला खरोखर 'हीच येतील' असं म्हणायचं होतं. पण डोळ्यापुढं त्यांचं यंत्र आलं. कुठल्यातरी गल्लीत, पाइपाला कान लावून बसलेलं, आणि खाली पाणी वाहून चाललंय, आणि त्याला काही ऐकू येत नाही. माझ्या हातची वस्तू बहिरी निघणार, हे काही मला सोसेना. त्याला कोणी सचोटी म्हणेल, कोणी अहंकार म्हणेल. मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

"निम्मी येतील," मी म्हणाले. "आत लोखंड गेलंय."

आबासाहेब खोकले. लिमयांनी यंत्र पिशवीत घातलं.

"मग ही ऑर्डर मला देता येणार नाही." मग ट्रेकडं बोट करून म्हणाले, "या चहाच्या रंगाच्या मूठभर घेऊन जाऊ का? बघतो काय होतं ते."

"न्या की," आबासाहेब म्हणाले. "पोत्यानं न्या."

ते गेल्यावर आबासाहेब माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "म्याडम, तुमी इलेक्शनला उभ्या राह्यल्या असत्या ना, तर घरातली मतं बी पडली नसती."

मंगलनं तेलाची टाकी झाकली, हातमोजे काढले, खुंटीला अडकवले आणि गेली.

कारखाना 'तात्पुरता' बंद झाला. दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी कामासाठी धारूरला गेले होते. घाटाच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, सरपण, शेळ्या आणि माणसं. अश्विनीनं मला आधी पाहिलं. तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. "नमस्ते म्याडम," ती म्हणाली. मंगलनं मान वर केली, पदर डोक्यावरून ओढला आणि दुसरीकडं पाहू लागली. मी गाडी थांबवून उतरले असते, पण उतरून काय सांगणार होते?

थंडी सुरू झाली असताना लिमयांचा फोन आला.

"बाई, तुमच्या टिकल्या आज पुन्हा मापल्या. तुम्ही म्हणालात तसंच झालंय. हळवेपणा गेला."

"मी सांगितलंच होतं."

"हो. पण तापत नाहीत."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. दातांच्या डॉक्टरांची हत्यारं, चष्मे वगैरे पाण्यात कंपनं सोडून साफ करायची एक टाकी असते. तिच्या तळाला टिकल्या लावतात. त्यांना ऐकायचं काही नसतं, दिवसभर नुसतं जोरानं थरथरायचं असतं. हळवी टिकली तिथं चालत नाही. तिच्या भिंती सारख्या हलतात, आत घासतात आणि टिकली तापून मरते. तिथं भिंती धरून ठेवलेली, निबर टिकलीच लागते. लोक तिच्यात मुद्दाम मोजून लोखंड घालतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण आपल्या ट्रेमध्ये पडलेलं पीक आपल्याला तण वाटत असेल, तर पुस्तक काय करणार?

"आमची कंपनी अशा टाक्याही बनवते. त्यांच्या टिकल्या आम्ही बाहेरून मागवतो," लिमये म्हणाले. "तुमच्याकडं किती आहेत?"

कारखाना सुरू झाला. आबासाहेबांनी मांडव घातला. भाषणात ते म्हणाले, "लोक म्हणायचे, टिकलीत दोष हाय. आरं, दोष न्हाई, ते आपल्या मातीतलं लोखंड हाय!" टाळ्या पडल्या. मग संशोधन संचालक म्हणून मामांना शाल, श्रीफळ आणि फेटा. अहवालात ज्या शब्दाला बंदी होती, तो आता फलकावर मोठ्या अक्षरांत होता. मामांचे डोळे भरून आले. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "म्याडम, मला तवाच वाटलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांचा हुकूम आला की यापुढं सगळ्याच मालात छर्रे घालावेत. त्यांना समजवायला मला दिवाळीपासून संक्रांत झाली असती, म्हणून मी छर्रे एका पेटीत बंद करून तिला मामांचंच कुलूप लावलं. लोखंड लागेल तिथं मी काट्यावर तोलून, चिमटीनं, भुकटी करून घालायची. मामांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते मी मूळ शोधात भेसळ करत होते.

मामांच्या सत्काराच्या दिवशीच मी मंगलला फोन लावला होता. मागं कोयत्यांचा आवाज येत होता.

"मंगल, कारखाना सुरू झालाय. ये परत."

"कसं येऊ? पट्टा पडल्याबिगर मुकादम सोडतोय व्हय?" पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचं गाळप संपणं. "आगाऊ उचल घेतलीय म्याडम."

"मी बोलू मुकादमाशी?"

"नका. तुमी कुणाशी बोललं की आमचं कायतरी हुतंय." आणि फोन ठेवला.

अश्विनीची त्या वर्षी दहावी हुकली. पुढच्या वर्षी ती मावशीकडं राहून पास झाली, हे इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचक मला उगाच शिव्या देतील. पण त्या वर्षी हुकली ती हुकलीच. मार्चमध्ये तिच्या वर्गातल्या मुली परीक्षेला गेल्या तेव्हा ती फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, भावाला झोपवत होती.

मंगल उन्हाळ्यात परत आली. हात काळे पडलेले, तळव्यांना चिरा. कामावर घ्यायचं की नाही असा प्रश्नच नव्हता. तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. आबासाहेबांनी तर तिच्यापुढं पेढे ठेवले. ती टाकीपाशी उभी राहिली, तेलाचा काटा पाहिला. मी तिला नवं काम समजावलं: काही टिकल्या हळव्या राहतात, त्यांना कमी व्होल्टेज पुरतो. काहींत लोखंड असतं, त्या चांदी भाजल्याबरोबर वळवायच्या, मग पुढं लोखंडच त्यांना धरून ठेवतं. ती मान डोलावत ऐकत होती. तिनं हातमोजे घातले. चिरांना लागलं असावं, कारण क्षणभर थांबली.

मी धीर करून म्हणाले, "मंगल, त्या दिवशी लिमयांना मी जे सांगितलं..."

"ते खरंच व्हतं," ती म्हणाली. "न सांगता माल गेला असता तर त्यो माणूस परत आला नसता. आज हितं काम राह्यलं नसतं. समदं कळतंय मला."

मला बरं वाटायला लागलं होतं.

"पर म्याडम," ती तेलाकडं बघत म्हणाली, "खरं तुमी बोललात. त्याचा ऊस मी तोडला."

मग तिनं टिकल्यांची जाळी तेलात सोडली आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण आता व्होल्टेज सुरू करायचा होता.